रिंगरोडच्या अलीकडचा चहा

आमच्या गावच्या रिंगरोडवर माझ्या अंगाला आजवर साधा ओरखडाही आलेला नाही! या रस्त्यानं चांगली धडधाकट पोरं आडवी केली, भरलेले ट्रक उलटे केले, पण या दिगूनानाच्या केसाला धक्का नाही. आहे का दुसरा कोणी असा?

आता खरं काय ते लगेच सांगून टाकतो, नाहीतर विमलबाई सांगेल. मी तो रस्ता ओलांडतच नाही. माझं घर अलीकडे, सायकल रिपेरिंगचं दुकान अलीकडे, दुकानाचा ओटा अलीकडे आणि ओट्याला लागून विमलबाईची चहाची टपरी, तीही अलीकडेच. पलीकडे जायचं कारणच काय? शाळा तेवढी पलीकडे होती, ती मी सातवीतच सोडली. तेव्हा हा रस्ता नव्हता, पण माणसानं पुढचा विचार करून ठेवावा!

विमलबाई रोज सकाळी टपरीसमोर झाडू मारते. सुपलीत काय काय येतं! इंडिकेटरची पिवळी काच, आरशाचे तुकडे, एखाद्या चपलेचा अंगठा. रोज झाडते, रोज साचतं. किस्स्यांचंही तसंच झालं आहे. कालचा सांगून संपत नाही तोच आजचा येऊन आदळतो.

पूर्वी आवाज झाला की आम्ही धावायचो. आता वय झालं, आणि खरं म्हणजे कंटाळाही आला. विमलबाई गाळणीवरची नजर न हलवता नुसत्या आवाजावरून सांगते, "स्कुटी आहे. बसा नाना, तो स्वतःच उठून राह्यला." मोठा आवाज असला तरच आम्ही उठतो. पडलेल्याला आधी पाणी, मग चहा, मग शिव्या. हा क्रम आजवर मोडलेला नाही.

*

या रस्त्याच्या पलीकडे, बरोबर माझ्या समोर, गफूरचं टेलरिंगचं दुकान आहे. गफूर माझा शाळेपासूनचा दोस्त. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, दुकानामागच्याच खोलीत एकटा राहतो. सकाळ-संध्याकाळ रस्ता ओलांडून चहाला आमच्या ओट्यावर येतो. हा नेम रस्त्याच्याही आधीचा.

मागच्या वर्षी एका स्कुटीवाल्यानं त्याला उडवलं. पाय प्लास्टरमध्ये. पुण्याहून त्याचा मुलगा सलीम धावत आला आणि आम्हा सगळ्यांसमोर बजावून गेला, "अब्बा, पाय बरा होऊ द्या. पण अजून एकदा या रस्त्यानं तुम्हाले हात लावला, तं मी कोणाचं ऐकणार नाही. दुकान बंद, सामान बांधायचं अन् पुण्याले चलायचं."

पुण्याला सलीमचा फ्लॅट नवव्या मजल्यावर. गफूर एकदा राहून आलेला. "सकाळी लिफ्टनं खाली ठेवते, संध्याकाळी लिफ्टनं वर ठेवते," तो म्हणाला, "मी काय दुधाची पिशवी आहो का बे?"

प्लास्टर होतं तोवर मी गफूरला रोज भेटलो. म्हणजे फोनवर. मी ओट्यावर, तो त्याच्या दुकानात, दोघं एकमेकांना दिसतो आहोत आणि कानाला फोन. मध्येच तो हात वर करायचा, "थांब बे, ट्रक जाऊ दे!"

*

रिंगरोड म्हणतात खरं, पण रिंग काही पुरी झालेली नाही. एका बाजूनं तो कोणाच्या तरी तुरीच्या वावरात जाऊन थांबला आहे. पाटी मात्र दोन्हीकडून लावलेली! त्यामुळे निम्मे लोक वावरापर्यंत जातात आणि वळून त्याच बाजूनं परत येतात. समोरून येणाऱ्याला वाटतं हा राँग साईडनं आला. याला वाटतं आपण आलो त्याच रस्त्यानं तर चाललो आहोत!

हळूहळू राँग साईडचीच इतकी सवय झाली, की बरोबर चालणाराच अडचण वाटू लागला. जानेफळचा एक माणूस, नवी कोरी मोटारसायकल, हँडलला हार, अगदी नियमानं डाव्या हातानं येत होता. समोरून चारपाच गाड्या आल्या आणि सगळे त्याच्यावर ओरडले, "दिसत नाही का? समोरून लोक येऊन राह्यले ना!"

तो बिचारा थेट आमच्या ओट्याजवळ येऊन थांबला. कपाळाचा घाम पुसला आणि मला हात जोडून म्हणाला, "नाना, इथली राँग साईड कोणती, तेवढं सांगून द्या. मी तिकूनच जातो!"

*

इंडिकेटर ही आमच्याकडे शोभेची वस्तू आहे. एक पोरगं उजवा लाईट लुकलुकवत आलं आणि डावीकडे वळलं. मागचा दूधवाला उजवीकडे पाहत होता, तो सरळ नालीत! दूध गेलं, कॅन गेली.

मी त्या पोराला पकडलं. म्हटलं, "काऊन बे? उजवा लाईट लावून डावीकडं काऊन वळला?"

ते पोरगं माझ्याकडे असं पाहायला लागलं, जसं काही मीच येडा.

"तो लाईट इथचा नाही नाना. तो तं बसस्टँडपासून सुरू आहे!"

*

आमच्या भागात भांडणाची एक पद्धत आहे. आधी कॉलर धरायची, मग विचारायचं, "कोण गावचा बे तू?" गाव कळलं की आडनाव, आडनाव कळलं की मामाचं गाव, आणि तिथवर पोचेपर्यंत कॉलर बहुतेक सुटलेली असते. कारण कोणी ना कोणी ओळखीचं निघतंच.

तर एकदा दोन मोटारसायकली समोरासमोर भिडल्या. एकावर इस्त्रीचा शर्ट घातलेला जवान मुलगा, दुसऱ्यावर जाडजूड मिशीवाला गृहस्थ, त्याच्या पिशवीतले पेढे रस्ताभर. दोघंही उठले, दोघांनी एकमेकांची कॉलर धरली.

"कोण गावचा बे?"

"सोनाळ्याचा! कायले?"

मिशीवाला थोडा नरमला. "सोनाळ्याचा? कोणाचा?"

मुलानं बापाचं नाव सांगितलं. मिशीवाल्यानं कॉलर सोडली, मुलाचा शर्ट झटकला, खिशातला रुमाल काढून त्याच्या कोपराला बांधला. झालं असं होतं की मुलगा निघाला होता मुलगी पाहायला, आणि मिशीवाला होता मुलीचा मामा, पाहुण्यांसाठी पेढे आणायला गेलेला!

विमलबाईनं दोघांना चहा पाजला. उरलेले पेढे आम्ही तिथंच वाटून खाल्ले, न्यायचे तरी कसे? मुलगा लंगडत गेला, पण सोयरीक जमली. मुलीनं एकच अट घातली.

"मुलगा पसंत आहे. पण वरात रिंगरोडनं आणायची नाही."

*

गफूरचा पाय बरा झाला आणि तो पुन्हा चहाला यायला लागला. पण आता आम्हा सगळ्यांचा जीव त्याच्या प्रत्येक पावलात. एक धक्का लागला की गफूर गेला पुण्याला. मग ओट्यावर मी आणि विमलबाई, आणि विमलबाई काही माझ्या चेष्टेवर हसत नाही.

म्हणून मी ठरवलं, गाड्या हळू करायच्या. आमच्या कडेला एक मोठा खड्डा होता. त्यात बेशरमाच्या झुडपाच्या फांद्या रोवून झाल्या, कोणी जुमानेना. मग मी एक गोल दगड घेतला, त्याला छान शेंदूर फासला आणि खड्ड्यातच बसवला. म्हटलं, आता बघतो कोण जोरात जातं!

गाड्या हळू झाल्या, यात खोटं नाही. पण मोटारसायकलवाले दगड दिसला की दोन्ही हात सोडून नमस्कार करायला लागले! पहिल्याच सकाळी तिघं आडवे. एकाच्या तर मागं बायको, तिच्या मांडीवर डबा, आणि हा डोळे मिटून हात जोडतो आहे!

गफूर चहाचा घोट घेत पाहत होता. म्हणाला, "पहिले खड्ड्यानं पडत होते दिगू. आता भक्तीनं पडून राह्यले."

मी दगड काढायला गेलो, तर विमलबाई आडवी आली.

"हात लावून दाखवा! काल दगड होता, आज देव आहे. सकाळीच नारळ फोडलं मी."

शेवटी वाजतगाजत तो रस्त्याकडेच्या निंबाखाली हलवावा लागला. हल्ली त्याच्यासमोर उदबत्ती असते आणि त्याचा कर्ता मी, हे सांगायची मला हिंमत होत नाही.

*

मग एकदाचा ब्रेकरही झाला. कोणी केला, कसा केला, माहीत नाही. सकाळी उठलो तर रस्त्यावर म्हशीच्या पाठीएवढा उंचवटा. आम्ही खूश! पण आपले लोक हुशार. ब्रेकर रस्त्यावर होता ना, मग त्यांनी रस्ताच सोडला. सगळ्या गाड्या कडेनं, टपरी आणि ओट्याला चिकटून जायला लागल्या. माझे पाय ओट्यावरून खाली लोंबत, आणि पायाखालून मोटारसायकली!

एक जण तर टपरीच्या बाकालाच घासून गेला. विमलबाईनं उलथनं उगारलं आणि ओरडली, "ए! चहा प्यायचा असंन तं अंदर ये. नाही तं ब्रेकरवरून जा!"

तो थांबला. विचार केला. आणि चहा प्यायला, पण ब्रेकरवरून काही गेला नाही.

*

गफूरनं मात्र त्याची युक्ती स्वतःच शोधून काढली, आणि ती माझ्या सगळ्या युक्त्यांपेक्षा भारी निघाली. आमच्या इथला किसन रोज सकाळ-संध्याकाळ बकऱ्यांचा कळप पलीकडून अलीकडे पाण्यावर आणतो आणि थोड्या वेळानं परत नेतो. गफूरनं काय पाहिलं, तर माणूस रस्त्यात उभा असला तर गाडी थांबत नाही, हॉर्न वाजतो. बकऱ्या आल्या की ट्रकसुद्धा करकचून ब्रेक मारतो!

"काऊन असं?" मी विचारलं.

"सोपं आहे. बकरी मेली तं भरून द्या लागते. माणूस पडला तं 'दिसत नाही का बुढ्या' म्हणून पुढं निघता येते."

तेव्हापासून गफूर सकाळी कळपाच्या मधोमध यायचा. पांढरी टोपी, पांढरी दाढी आणि चारी बाजूंनी बकऱ्या. लांबून पाहिलं तर कोण कोण आहे ते ओळखू येऊ नये! सकाळचा चहा बकऱ्यांच्या वेळेवर, संध्याकाळचाही बकऱ्यांच्याच वेळेवर.

मग बकरीद आली. किसनचा कळप निम्म्यावर आला, बोकड तर एकही उरला नाही. गफूर पलीकडून फोनवर म्हणाला, "दिगू, सण तं झोकात झाला. पण आता मी लपू कुठी?"

*

त्यावर मी माझं सगळ्यात मोठं डोकं चालवलं. वावरातलं बुजगावणं असतं ना, तसं एक केलं. पण साधं नाही. खाकी शर्ट गफूरनं शिवून पाठवला, वॉचमनच्या कापडाचा, किसनच्या हाती. बुजगावण्याच्या हाती दांडा, डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्यावर गफूरनंच शिवलेली खाकी टोपी. निंबाच्या सावलीत असा उभा केला की रस्त्यावरून फक्त पोट आणि चष्मा दिसावा. गफूरनं फोनवर बजावलं होतं, "पोट भरून बसव बे. पोटाशिवाय कोणी खरा मानणार नाही!"

काय सांगू! डिकीतली हेल्मेटं बाहेर आली. तिघं बसलेल्या गाडीवरचा तिसरा उतरून पायी चालायला लागला आणि पुढच्या वळणावर पुन्हा चढला. राँग साईडवाले मागच्या मागे गाडी ढकलत जायला लागले. गफूर दोन-चार बकऱ्यांच्या आधारानं आरामात यायला लागला.

एक बुलेटवाला मात्र थांबलाच. निंबापर्यंत गेला आणि अजिजीनं बोलायला लागला, "साहेब, लायसन घरी आहे. जाऊ द्या ना साहेब." साहेब कसले बोलतात! यानं कोणा पुढाऱ्याला फोन लावला आणि मान खाली घालून फोन बुजगावण्याच्या कानाशी धरला. "साहेब, भाऊंशी बोलून घ्या एकदा."

तिकडून भाऊ बराच वेळ हॅलो, हॅलो करत असावेत. मग यानं फोन आपल्या कानाला लावला, ऐकलं, आणि गाडी मुकाट्यानं वळवली. जाताजाता आम्हाला म्हणाला, "भाऊ म्हणतात, नवीन साहेब लय कडक आहे. उत्तरच देत नाही!"

दोन दिवसांनी खरे हवालदार आले. ते बुजगावण्यासमोर उभे राहिले, वरून खाली पाहिलं, टोपी सरळ केली. मग रस्त्याकडे पाहिलं. गाड्या ओळीनं, हळू, ज्याच्या त्याच्या बाजूनं. असं त्यांनी नोकरीत पाहिलं नसावं.

बाकावर बसून त्यांनी बूट काढले, पाय चोळले आणि दमलेल्या आवाजात म्हणाले, "नाना, याले राहू द्या. मी घरी जाऊन जेवून येतो."

*

आणि मग सलीम आला.

न सांगता आला, पुण्याहून, स्वतःची कार चालवत. अब्बांना एकदा भेटावं, रस्ता कसा आहे तेही पाहावं. निंबापर्यंत आला आणि त्याला पोट आणि चष्मा दिसला. सीट बेल्ट लावलेला नव्हता. त्यानं एका हातानं बेल्ट ओढला, दुसऱ्या हातानं फोन लपवला आणि पायानं असा ब्रेक मारला की मागचा कांद्याचा टेम्पो त्याच्या डिकीतच आला!

मोठा आवाज होता. विमलबाईनं गाळणी खाली ठेवली.

पलीकडे गफूरनं मशीनवरून मान वर केली. कार त्यानं ओळखली. पुढं काय झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. बकऱ्या नव्हत्या, कोणी नव्हतं. गळ्यात टेप, हात वर, आणि तो दुखऱ्या पायानं सरळ रस्त्यात धावत सुटला. एक ट्रक त्याच्यापासून हातभरावर थांबला. गफूरला ट्रक दिसलासुद्धा नाही.

सलीमला काही झालं नव्हतं. तो कांद्यांच्या ढिगात उभा होता, बापाला बघून कांदे तुडवत पुढं आला. "अब्बा, तुम्ही असे पळत आले? ट्रक होता अब्बा!"

गफूर त्याचे हात, खांदे, डोकं चाचपत होता. "तुले लागलं का? आधी ते सांग. लागलं का?"

आम्ही पाणी दिलं, चहा दिला. शिव्या कोणाला द्याव्या ते त्या दिवशी कळेना. मी आपला गपचूप जाऊन बुजगावण्याचा चष्मा काढून घेतला.

कार गॅरेजमध्ये गेली, सलीम बापाकडं राहिला. बापलेकांत काय बोलणं झालं ते पलीकडचं. मला नुसते हात हलताना दिसायचे. जायच्या दिवशी सलीम ओट्यावर आला. म्हणाला, "काका, अब्बा नाही येत. म्हणतात, तिकडं श्वास कोंडते. मीच हारलो. पण मी त्याहिले कसम घातली आहे. आता हा रस्ता ओलांडायचा नाही. बकऱ्यांसोबत नाही, कोणासोबतच नाही. तुम्ही बोलवू नका त्याहिले."

मी मान हलवली. गफूर राहिला ना, मग झालं तर!

दुसऱ्या दिवशी सकाळी विमलबाईनं नेहमीसारखे तीन कप भरले. किसनच्या उरलेल्या बकऱ्या आल्या, त्यांच्यात गफूर नव्हता. तो त्याच्या दुकानाच्या पायरीवर उभा होता, गळ्यात टेप, आमच्याकडे बघत. एक कप तसाच निवला. तिसऱ्या दिवशी विमलबाईनं दोनच कप भरले.

मला राहवेना. सलीमला मान हलवली होती खरी, पण बोलावू नका म्हणाला होता, चेष्टा करू नका असं थोडंच म्हणाला होता? दोन ट्रकांच्या आवाजांमधली जागा बघून मी ओट्यावर उभा राहिलो आणि ओरडलो, "गफूर! काय बे, पोराले भ्याला? विमलबाईनं अद्रक टाकून चहा केला! लहानपणापासून येऊन राह्यला, अन् आताच तुले रस्ता रुंद झाला का?"

एक टँकर गेला. एक एसटी गेली. मग पलीकडून गफूरचा आवाज आला, शांत, फोनसुद्धा न लावता.

"चहा माह्याकडंही होते, दिगू. अन् रस्ता तुह्या बाजूनंही तेवढाच रुंद आहे ना?"